दिसणें आणि असणें

डोळे मिटले कीं पाहणें थांबतें, अशी आपणां सर्वांची साधी समजूत असते. घराचीं दारें-खिडक्या लावल्या म्हणजे बाहेरचें ऊन आंत येत नाहीं. त्याचप्रमाणें पापण्या मिटल्या म्हणजे बाहेरचें जग मनांत येत नाहीं, आणि बाहेरून कांहीं आलेंच नाहीं तर आंत पाहावयाचें काय उरणार? परंतु वाचकांनीं हवें तर हा लेख थोडा वेळ बाजूस ठेवून अंधाऱ्या खोलींत डोळे मिटून बसावें. प्रथम निव्वळ काळोख दिसेल. मग त्या काळोखांत करडे ढग सरकूं लागतील, ठिपके उमटतील आणि विरतील. झोप जवळ आली असेल तर एखादा अनोळखी चेहराही क्षणभर येऊन जाईल. हें कोठून येतें, असा प्रश्न लहानपणीं आपण सर्वांनीं केव्हांना केव्हां घरांतील वडील माणसांना विचारलेला असतो, आणि "कांहीं नाहीं, झोप आतां," हें त्याचें उत्तरही आपणां सर्वांना मिळालेलें असतें.

तेंच उत्तर मीं एकदां माझ्या आत्याला दिलें. ती तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि मी एका महाविद्यालयांत तर्कशास्त्र शिकवीत होतों. गोष्ट २००५ सालची. काचबिंदूमुळें तिची दृष्टि हळूहळू गेली होती; उजेड आणि अंधार एवढाच भेद तिला कळे. बाकी प्रकृति खणखणीत, आणि स्मरणशक्ति तर आम्हां सर्वांहून चांगली. घरांतील कोणत्या मुलाचा जन्म कोणत्या तिथीचा, हें आम्ही तिला विचारूनच ठरवीत असूं. एके दिवशीं दुपारीं साताऱ्याच्या आमच्या जुन्या घराच्या माजघरांत बसली असतां ती मला सहज म्हणाली, "अरे, समोरच्या भिंतीवर ही जाळी कोणी बसविली?" भिंतीवर जाळी नव्हती; मीं तसें सांगितलें. दोन-तीन आठवड्यांनीं जाळीच्या जागीं माणसें आलीं. हातभर उंचीचीं, पागोटीं घातलेलीं, ओळीनें चालत जाणारीं, आणि एक अक्षरही न बोलणारीं माणसें.

"तीं खरीं नाहींत हें मला समजतें," ती म्हणाली. "हात पुढें करून पाहिला मीं. हाताला कांहीं लागत नाहीं. पण दिसतात."

"आत्या, तिथें कोणी नाहीं," मी म्हणालों.

"तेंच तर मी सांगतें आहें."

"तिथें कोणी नाहीं," मीं पुन्हां सांगितलें, ह्या वेळीं जरा चढ्या आवाजांत.

मग घरांत जें व्हावयाचें तें झालें. शेजारच्या एका बाईंनीं बाहेरची बाधा असल्याचें निदान केलें. एका डॉक्टरांनीं 'वय झालें' असें म्हणून झोपेचें औषध लिहून दिलें. आत्यानें चार-सहा दिवस तें घेतलें आणि मग पागोटेवाल्यांचें नांव काढणें सोडून दिलें. औषध लागू पडलें, असें आम्ही समजलों. २००९ मध्यें ती गेली. त्याच्या आदल्या वर्षीं मीं कितीदां तरी पाहिलें होतें कीं झोपाळ्यावर बसली असतां ती मध्येंच पाय आखडून घेई आणि थोड्या वेळानें पुन्हां सोडी. जणूं कोणाला वाट करून देत होती. त्याचा अर्थ तेव्हां माझ्या ध्यानांत आला नाहीं. पुढें बऱ्याच वर्षांनीं, प्रत्यक्ष ज्ञान ह्या विषयावर कांहीं व्याख्यानें तयार करीत असतां, मेंदूच्या दृष्टिविषयक भागावरील संशोधन माझ्या वाचनांत आलें, आणि त्या आखडलेल्या पायांची आठवण होऊन पुस्तक मिटावें लागलें.

मेंदूचा जो भाग पाहण्याचें काम करतो तो डोळ्यांच्या मागें लगेच नाहीं. तो डोक्याच्या अगदी मागल्या बाजूस आहे. त्याला आपण दृष्टिप्रांत म्हणूं. डोळे मिटल्यावर हा प्रांत निजत नाहीं, ह्याचा पहिला पुरावा जुना आहे. जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर ह्या मनोविकारतज्ज्ञानें १९२४ सालीं माणसाच्या मेंदूंतील विजेच्या अत्यंत क्षीण लहरी प्रथम टिपल्या, आणि १९२९ मध्यें त्या प्रसिद्ध केल्या. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यांत सेकंदाला सुमारें दहा ह्या गतीनें ठळक लहरी उठत. डोळे उघडतांच त्या मावळत. म्हणजे प्रकार आपल्या समजुतीच्या नेमका उलट! १९३४ मध्यें केंब्रिज येथील एड्रियन आणि मॅथ्यूज ह्यांनीं ह्या लहरी दृष्टिप्रांताकडूनच येतात असें दाखविलें, आणि मग जगाचा बर्गरवर विश्वास बसला.

खर्चाचा हिशेबही हीच साक्ष देतो. शरीराच्या वजनांत मेंदूचा वाटा शेंकडा दोनच्या आसपास. पण विश्रांतींत असलेल्या शरीराच्या एकूण शक्तिव्ययांत त्याचा वाटा शेंकडा वीस. १९५५ सालीं लुई सोकोलॉफ आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं कांहीं लोकांना मनांतल्या मनांत गणितें सोडवावयास लावून मेंदूला लागणारा प्राणवायु मोजला, तेव्हां स्वस्थ पडलेल्या स्थितींतील खर्चापेक्षां तो वाढलेला आढळला नाहीं. (माझ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींनीं ह्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाहीं.) बाहेरून कोणी काम सांगो वा न सांगो, आंतली गिरणी चालूच असते. प्रश्न एवढाच कीं ती काय दळते.

ह्याचें उत्तर शोधण्यासाठीं दृष्टिप्रांतांतील पेशींची भाषा आधीं कळावयास हवी होती. ती १९५८ च्या सुमारास बाल्टिमोर येथें डेव्हिड ह्यूबेल आणि टोर्स्टेन वीझेल ह्यांना कळली, आणि तीही कांहींशी अपघातानें. मांजराच्या मेंदूंतील एका पेशीला विजेची सूक्ष्म तार लावून ते तिच्यापुढें पडद्यावर ठिपके दाखवीत होते. पेशी दाद देईना. एकदां कांचेची पट्टी यंत्रांत सरकवीत असतां तिच्या कडेची पुसट सांवली पडद्यावरून गेली, आणि ती पेशी एकाएकीं खडखडूं लागली. ठिपक्यांशीं तिला कर्तव्य नव्हतें. विशिष्ट कल असलेली रेषा तिला हवी होती. पुढें असें आढळलें कीं कोणा पेशीला उभी रेषा आवडते, कोणाला आडवी, कोणाला तिरपी. आणि समान आवडीच्या पेशी जवळ जवळ राहतात, त्यामुळें सबंध प्रांतावर आवडीनिवडींचा एक नकाशाच तयार होतो. उभी रेषा दाखविली कीं नकाशावरील कांहीं जागा उजळतात, आडवी दाखविली कीं दुसऱ्या. ह्या संशोधनाबद्दल दोघांनाही १९८१ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां खरी गंमत. इस्रायलमधील रेहोवोथ येथील वाइझमन संस्थेंत अमिराम ग्रिनवाल्ड आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं मेंदूच्या पृष्ठभागावर एक खास रंग चढवून पेशींतील विजेचे चढउतार प्रकाशाच्या रूपानें पाहण्याची रीत बसविली. १९९६ मध्यें त्यांनीं दाखवून दिलें कीं तेंच चित्र पुन्हां पुन्हां दाखविलें तरी मेंदूचा प्रतिसाद दर वेळीं निराळा येतो. आणि हा निराळेपणा बव्हंशीं चित्र येण्यापूर्वीं तेथें जी स्वयंस्फूर्त हालचाल चालू होती तिच्यावरून आधींच सांगतां येतो. आजवर संशोधक हिला गोंगाट समजून सरासरी काढतांना फेंकून देत आले होते. पुढें २००३ सालीं ताल केनेट, मिशा त्सोडिक्स, आमोस आरिएली आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं त्याहून विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. गुंगीचें औषध दिलेल्या मांजराच्या डोळ्यांपुढें कांहींही नसतांना त्याच्या दृष्टिप्रांतांत ज्या आकृति आपोआप उमटत आणि मावळत होत्या, त्यांतील कित्येक आकृति प्रत्यक्ष रेषा दाखविल्यावर उमटणाऱ्या आकृतींशीं फारच जुळत्या होत्या. कोणी रेषा दाखवीत नव्हतें; तरी प्रांत जणूं एकामागून एक रेषा आठवीत बसला होता.

'जणूं' हा शब्द मीं हेतुपुरस्सर घातला आहे. मांजराला त्या वेळीं कांहीं दिसत होतें काय, हें त्या आकृति सांगत नाहींत.

येथून पुढचें काम गणितज्ञांनीं आणि त्यांच्या संगणकांनीं हातीं घेतलें. संगणकांत पेशी नसते; असते ती एक संख्या, आणि शेजारच्या संख्यांमुळें ती क्षणोक्षणीं कशी बदलावी ह्याचा एक नियम. असे हजारों नियम एकदम चालू करावयाचे आणि जें निघेल तें खऱ्या मेंदूच्या चित्राशीं ताडून पाहावयाचें, ह्याला प्रतिमान रचणें म्हणतात. त्यांतील एक सुबक प्रतिमान जेरुसलेम येथील हाइम सोम्पोलिन्स्की आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९५ सालीं मांडलें. घड्याळाच्या तबकडीवर आंकडे असावे त्याप्रमाणें त्यांनीं पेशी वर्तुळांत बसविल्या, प्रत्येकीची आवडती रेषा शेजारणीच्या रेषेहून किंचित् कललेली. नियम असा कीं जवळच्या आवडीच्या पेशींनीं एकमेकींना उत्तेजन द्यावें आणि दूरच्या आवडीच्यांनीं एकमेकींना दाबावें. हे आंतले दुवे पुरेसे बळकट असले, तर ह्या वर्तुळाला बाहेरून सर्व बाजूंनीं सारखें, कोणत्याही रेषेकडे न कललेलें उत्तेजन दिलें तरी वर्तुळाचा एकच भाग उजळतो आणि बाकीचा विझतो. म्हणजे कोणी न दाखविलेली एक रेषा त्या प्रतिमानांत उभी राहते. आपल्याकडील सभा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना ह्यांत नवल वाटूं नये. समान मताचे लोक एकमेकांना टाळ्या देतात, विरुद्ध मताच्यांना खालीं बसवितात, आणि कार्यक्रमपत्रिकेंत विषय नसतांही शेवटीं एक ठराव 'सर्वानुमतें' बाहेर पडतो.

२००५ मध्यें, म्हणजे माझी आत्या मला भिंतीवरील जाळीविषयीं सांगत होती त्याच वर्षीं, न्यूयॉर्क येथील काय, रंगन आणि मॅक्लॉफ्लिन ह्यांनीं पुष्कळ मोठें व पेशींच्या स्वभावाशीं अधिक जुळणारें प्रतिमान प्रसिद्ध केलें. त्याला बाहेरून मिळत होता तो केवळ विस्कळित गोंगाट. पण समान आवडीच्या दूरदूरच्या पेशींना जोडणाऱ्या धाग्यांमुळें त्यांतही रेहोवोथच्या चित्रांसारख्या आकृति येऊं-जाऊं लागल्या. जाळीचा उलगडा मात्र त्याच्याही पूर्वीं झाला होता. १९७९ सालीं बार्ड अर्मेंट्राउट आणि जॅक कोवन ह्यांनीं केवळ गणितानें असें दाखविलें कीं दृष्टिप्रांतांतील उत्तेजन प्रमाणाबाहेर वाढलें तर त्याची समस्थिति मोडून तेथें पट्टे आणि चौकटी उठतात. आणि डोळ्याचा पडदा मेंदूवर ज्या वांकड्या रीतीनें उतरलेला असतो त्यामुळें ह्याच पट्ट्यांचीं पाहणाऱ्याला वर्तुळें, भुयारें, मळसूत्रें किंवा जाळ्या दिसाव्या. अमली द्रव्यें घेतलेल्या माणसांना ह्याच आकृति पुन्हां पुन्हां दिसतात, असें हाइनरिख क्लूव्हर ह्या मानसशास्त्रज्ञानें फार पूर्वींच नमूद करून ठेवलें होतें. तेव्हां आमच्या भिंतीवर जाळी कोणी बसविली, ह्या आत्याच्या प्रश्नाला २००५ सालींही एक चांगलें उत्तर उपलब्ध होतें. फक्त तें उत्तर तिला ज्यानें द्यावयाचें त्याला तें ठाऊक नव्हतें. आणि जें आपल्याला ठाऊक नाहीं तें नाहींच, असें समजण्याची त्याला संवय होती.

परंतु प्रतिमान जुळलें म्हणजे सत्य सांपडलें काय? ह्या बाबतींत मला सर्वांत आदरणीय वाटतो तो २००४ सालचा, पुन्हां सोम्पोलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच, एक लेख. त्यांनीं दोन कल्पना शेजारीं शेजारीं मांडल्या. एक अशी कीं दृष्टिप्रांत तळ्यासारखा आहे. त्याची स्थिति एकच, आणि दिसणाऱ्या आकृति म्हणजे वाऱ्यानें उठणारे तरंग. दुसरी अशी कीं तो अनेक खळगे असलेल्या पटावरील गोटीसारखा आहे; प्रत्येक खळगा म्हणजे एक ठरलेली आकृति, आणि गोटी एका खळग्यांतून दुसऱ्यांत भटकते. पहिलींत ज्या आकृति दिसतात त्या केवळ पाण्याच्या व तळाच्या रचनेमुळें. दुसरींत मात्र 'आठवण' ह्या शब्दाला कांहीं अर्थ राहतो. दोन्ही कल्पना त्यांनीं संगणकावर चालविल्या आणि मोकळेपणानें लिहून टाकलें कीं उपलब्ध चित्रें दोहोंशींही जुळतात. स्वतः रचलेलें प्रतिमान स्वतःच निर्णायक नाहीं असें छापून सांगणें, ही गोष्ट आमच्या तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रांत फारशी पाहावयास मिळत नाहीं.

आणि प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं. २०११ सालीं योझेफ फिझेर व त्यांचे सहकारी ह्यांनीं फेरेट नांवाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या पिलांवरील प्रयोगांवरून दाखविलें कीं अंधारांतली स्वयंस्फूर्त हालचाल वयाबरोबर बदलत जाते, आणि निसर्गांतील दृश्यें पाहतांना होणाऱ्या हालचालीच्या एकंदर घडणीशीं अधिकाधिक मिळती होते. ह्याचा त्यांनीं लावलेला अर्थ असा कीं मेंदू जगाविषयींची आपली अपेक्षा अंधारांतही जागी ठेवतो. हा अर्थ मनाला फार भावतो. आणि म्हणूनच त्याविषयीं सावध राहावें. कारण २०१९ सालीं स्ट्रिंगर, पाचितारियु आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं जाग्या उंदरांच्या दृष्टिप्रांतांतील सुमारें दहा हजार पेशी एकदम पाहिल्या, तेव्हां तेथील स्वयंस्फूर्त हालचालीचा बराच मोठा भाग उंदराच्या तोंडाच्या व मिशांच्या हालचालींशीं बांधलेला निघाला, आणि चित्रें पाहतांना उमटणाऱ्या आकृतींशीं त्याचें साम्य फार थोडें होतें. गुंगींतलें मांजर आणि धांवता उंदीर ह्यांचा निवाडा एका तराजूनें करावा कीं नाहीं, हाही प्रश्नच आहे.

एवढें मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे कीं प्रकाश डोळ्यांत शिरतो तेव्हां तो रिकाम्या घरांत शिरत नाहीं.

आतां पागोटेवाल्यांकडे वळूं. १७६० सालीं जिनीव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने ह्यानें आपल्या आजोबांची हकीकत लिहून ठेवली आहे. वय नव्वदीच्या घरांत, दृष्टि मोतीबिंदूनें अधू, बुद्धि शाबूत. आणि ह्या गृहस्थांना माणसें, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. त्या खऱ्या नाहींत हें ते स्वतःच सांगत, आणि त्यांत त्यांची करमणूकही होई. ज्यांची दृष्टि जाते अशा अनेक लोकांना हा अनुभव येतो, आणि आज तो बोनेच्याच नांवानें ओळखला जातो. हें वेड नव्हे, आणि बुद्धिभ्रंशही नव्हे. १९९८ मध्यें लंडन येथें अशा लोकांचे मेंदू तपासले, तेव्हां ज्यांना रंगीत आकृति दिसत होत्या त्यांच्या मेंदूंतील रंग ओळखणारा भाग जागा आढळला. आणि ज्यांना चेहरे दिसत होते त्यांच्यांत चेहरे ओळखणारा भाग.

असें कां व्हावें, ह्याचें एक प्रतिमान एडिंबरो येथील राइखर्ट, सेरिएस आणि स्टॉर्की ह्यांनीं २०१३ सालीं रचलें. कृत्रिम पेशींच्या एका जाळ्याला त्यांनीं प्रथम चित्रें दाखवून शिकविलें. प्रत्येक पेशीला आणखी एक स्वभाव दिला : आपली नेहमींची सरासरी हालचाल टिकवून धरण्याचा. मग चित्रें बंद केलीं. पेशी सुरुवातीला मंदावल्या. परंतु सरासरी राखण्यासाठीं त्या हळूहळू अधिकाधिक हळव्या होत गेल्या, आणि शेवटीं समोर कांहींही नसतांना त्या जाळ्यांत पूर्वीं शिकलेल्यासारख्या आकृति आपोआप उमटूं लागल्या. गणिताच्या चौकटींतलें हें वर्णन वाचतांना मला आमच्या माजघरांतील ती खिडकीजवळची जागा दिसत होती. आयुष्यभर ज्या मेंदूला पाहण्याचें काम होतें तो काम गेल्यावर रिकामा बसला नाहीं, इतकीच ती हकीकत.

आमच्या दर्शनकारांना हा विषय नवा नव्हता. तिमिर नांवाच्या नेत्ररोगानें ग्रासलेल्या मनुष्याला नसलेले केस दिसतात, हा दृष्टांत घेऊन वसुबंधूनें विंशतिकेंत असें प्रतिपादन केलें कीं ज्ञान उत्पन्न होण्यास बाहेर वस्तु असावीच लागते असें नाहीं. ह्या मताचा शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत जो प्रतिवाद केला, त्यांतील एक मुद्दा मला आजही फार बळकट वाटतो. स्वप्नांत पाहिलेलें जागें होतांच बाधित होतें. जागेपणीं पाहिलेला खांब तसा बाधित होत नाहीं. येथें लक्षांत घेण्याजोगें असें कीं बाध हा कधींही त्या चित्राच्या पोटांतून येत नाहीं. पागोटेवाला खोटा म्हणून त्याचें पागोटें अंधुक दिसत नाहीं. चित्र खरें असो कीं खोटें, दृष्टिप्रांतांत तें एकाच शाईनें लिहिलें जातें. त्याचा निकाल लागतो तो बाहेर : दुसऱ्या दृष्टिक्षेपानें, पुढें केलेल्या हातानें, किंवा शेजारीं बसलेल्या माणसाला विचारल्यानें.

आत्यानें हें सर्व केलें होतें. तिनें हात पुढें करून पाहिला होता. तीं माणसें खरीं नाहींत असा निर्णयही देऊन टाकला होता. आणि मग ती मला विचारावयास, किंबहुना नुसतें सांगावयास, आली होती. ती म्हणाली, 'दिसतात.' मीं ऐकलें, 'आहेत.' तिनें जें विधान केलेंच नव्हतें त्याचें मीं दोनदां खंडन केलें. ह्या दोषाला तर्कशास्त्रांत नांव आहे, आणि दर वर्षीं जून-जुलैच्या सुमारास मी तो मुलांना फळ्यावर समजावून देत असें. असें कां झालें, ह्याचा मीं पुष्कळ विचार केला आहे. तिच्या भ्रमाची मला चिंता होती, असें मी तेव्हां म्हणालों असतों. वस्तुतः मला भीति वाटत होती, कीं तिची बुद्धि ढळत चालली असेल. आणि ती भीति शमविण्याचा सोपा उपाय म्हणजे तिनें तें बोलणें बंद करणें. तें तिनें केलें. जी सोबत शोधण्यासाठीं ती आली होती ती मिळाली नाहींच, उलट लपविण्यासारखें कांहीं तरी आपल्याजवळ आहे एवढें मात्र तिला कळलें.

ह्यावर कोणी विचारील, कीं मग ज्याला जें दिसेल तें मुकाट्यानें ऐकून घ्यावें काय? एखाद्याला शेजाऱ्याच्या प्रत्येक हालचालींत कट दिसतो आणि तो काठी घेऊन निघतो; त्यालाही आदरानें विचारावें काय, कीं कट कसा दिसतो? नाहीं. तो 'दिसतें' म्हणत नसतो. तो 'आहे' म्हणत असतो, आणि त्याचा हात काठीकडे गेलेला असतो. तेथें खंडनच पाहिजे, तेंही वेळेवर. पण ही दक्षता आपण बोट दाखवितों त्या माणसापुरतीच कां ठेवावी? ज्यांचे डोळे शाबूत आहेत अशा आम्हां सर्वांचा दृष्टिप्रांतही अपेक्षा मनांत धरूनच पाहत असतो. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासून मला एक गोष्ट पक्की समजली आहे. हुशार विद्यार्थ्याचें अक्षर ओळखीचें निघालें कीं त्याचें अर्धें वाक्यही मला पूर्ण दिसतें, आणि ज्याच्याविषयीं ग्रह वाईट आहे त्याचें पूर्ण वाक्यही अर्धें. विद्यापीठें उत्तरपत्रिकांवरील नांवें झांकतात तीं माझ्या प्रामाणिकपणाबद्दल शंका आहे म्हणून नव्हे. माझ्या डोळ्यांबद्दल आहे म्हणून, आणि ती शंका रास्त आहे. आत्याची दृष्टि गेली होती, म्हणून 'दिसतें' आणि 'आहे' ह्या दोहोंमधलें अंतर तिला रोज हातानें चांचपून पाहावें लागे. आम्हांला तें अंतर पडत नाहीं. आमचें सगळें दिसणें हें असणेंच असतें.

ह्या विषयावरील एका निबंधाचा उल्लेख करावयाचा राहिला. रेहोवोथच्याच वाइझमन संस्थेंतील रफाएल मलाख आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २०२१ सालीं, बोनेच्या आजोबांसारखा अनुभव येणाऱ्या पांच लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आकृति दिसूं लागण्यापूर्वीं त्या लोकांच्या दृष्टिप्रांतांत हालचाल सावकाश चढत जातांना आढळली. डोळस माणसाला तेंच दृश्य बाहेरून दाखविलें तर असा सावकाश चढ येत नाहीं. शास्त्रदृष्ट्या निष्कर्ष हाच महत्त्वाचा आहे, आणि स्वयंस्फूर्त हालचालीचीं प्रतिमानें रचणाऱ्यांना त्याचा मोठा उपयोग होईल. परंतु माझें लक्ष खिळून राहिलें तें प्रयोगाच्या रीतीवर. डोळस माणसांना तेंच दृश्य दाखवावयाचें, तर तें आधीं कोणाला तरी माहीत व्हावयास हवें. म्हणून त्या लोकांना काय दिसलें हें संशोधकांनीं त्यांच्याकडून बारकाईनें समजून घेतलें, आणि त्या वर्णनांवरून चलत्-चित्रें तयार केलीं.

आकार केवढा, चाल कशी, रंग कोणता, हें सर्व त्यांत आलें असणार. आमच्या माजघरांतून जाणाऱ्या त्या हातभर माणसांचीं पागोटीं कोणत्या रंगाचीं होतीं, हें मला सांगतां येणार नाहीं. मीं विचारलें नव्हतें.